जिन्याखालची तार

“इथं खाली सही करा, ताई. नाव, पत्ता, तारीख.” हवालदाराने पंचनाम्याचा कागद पुढे केला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

तिने कडेवरच्या बाळाला सावरलं आणि वाचायला घेतलं. चोरीच्या तांब्याच्या तारेचं वेटोळं शेजारच्या वायरमनच्या खोलीत, पलंगाखाली सापडलं, असं लिहिलं होतं. सापडलं होतं ते जिन्याखाली, अख्ख्या इमारतीच्या अडगळीत. आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत.

“साहेब, हे... जिन्याखाली होतं ना?”

“तेच ते. त्याच्या दाराला लागून तर जिना आहे. का तुमच्या माहेरी जातो तो?”

सोबतचा शिपाई फिस्सकन हसला. हवालदार हसला नाही. “शिकलेल्या दिसता. मिस्टर कुठे असतात कामाला?”

प्रश्न साधाच, पण त्यामागची धमकी तिला कळली. खोट्या मजकुरावर सही करायची नसते, चूक दुरुस्त करून मागता येते, सरळ नाही म्हणता येतं. सगळं ठाऊक होतं तिला. कॉलेजात याच विषयावर भाषण ठोकून तिने पहिलं बक्षीस पटकावलं होतं.  बाळ पेन ओढत होतं. तिने ते सोडवून घेतलं आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

वायरमन भिंतीला टेकून उभा होता. त्याची बायको पुढे आली. कडेवरचं हे बाळ दिवसभर याच वहिनी सांभाळायच्या.

“ताई, बरोबर लिहिलंय ना सगळं? तुम्ही वाचलंत म्हणजे झालं. ह्यांचं काय, पुढे येईल त्या कागदावर सही ठोकतात.”

वायरमन ओशाळून हसला. तिच्याकडेच बघत होता.

“हो वहिनी,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”

मग त्यानेही सही केली. त्याला कुठे नेताय, एवढं तरी विचारायचं. तेही तिला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळाला सोडायला गेली तेव्हा वहिनींचे डोळे सुजलेले होते. बाळाने नेहमीसारखी त्यांच्याकडे झेप घेतली.

“आला गं माझा राजा! ताई, काल वकिलाकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, तार जिन्याखाली होती हे बघणारं कुणी आहे का? म्हटलं, आहेत की, आमच्या ताई! कागदावर सहीच आहे त्यांची.”

“वहिनी, मला आज जरा...”

“आजच नाही हो, सवडीने या. तुम्ही होतात म्हणून बरं. परकं कुणी असतं, तर काहीबाही लिहून घेतलं असतं मेल्यांनी.”

तिने मान हलवली. मग वाकून चपलेचा बंद लावू लागली. बंद लावलेलाच होता. वहिनी बाळाला घेऊन आत जाईपर्यंत ती तशीच वाकून राहिली.