सहावा पट्टा

ताडपत्र्या आणि दुकानांवरची कापडी छपरं शिवण्याच्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. नव्या आलेल्या प्रत्येकीला टीप मारायला तीच शिकवायची, आणि टीप वाकडी गेली की उसवायलाही तीच लावायची. तीस वर्षं हेच. नवरा लवकर गेला. लेकीला मशीनपासून लांब ठेवायचं, हे तिने त्याच आठवड्यात ठरवलं आणि तडीस नेलं. लेक शिकली, मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, पांढरा कोट घालून रक्त तपासू लागली. शेजारीपाजारी कोणी विचारलं नाही तरी मास्तरीण हे सांगायची.

मग लेकीने हा माणूस घरी आणला. तो वाटाड्या होता. हौशी लोकांना दोराने कड्यावरून खाली सोडायचा, कड्याला टांगलेल्या खाटेवर रात्रभर झोपवायचा आणि सकाळी परत वर काढायचा. मास्तरणीने त्याला चहा दिला आणि कामधंद्याची चौकशी केली. त्याने हे सगळं नीट समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "आणि दिवसा काय करता?"

तो हसला. ते हसणं तिला आवडलं नाही. प्रत्येक गोष्टीवर आधी हसायचं आणि मग मोजून दोन शब्द बोलायचे, अशी माणसं तिने कारखान्यात पाहिली होती. माल खराब निघाला की अशीच माणसं आधी हसायची.

लग्नाचा विषय निघाला तेव्हा तोच म्हणाला, "काकू, एक रात्र माझ्याबरोबर कड्यावर काढा. मी काम कसं करतो ते बघा आणि मग हो-नाही सांगा."

"आई, जाच तू," लेक म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली. "मला नाही जमणार. ड्युटी आहे."

मास्तरणीच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या महिन्यात तिने दोनदा प्रयोगशाळेत फोन केला होता. दोन्ही वेळा कोणीतरी "त्या इथे नाहीत" म्हणून फोन ठेवून दिला होता. पोरगी कामावरून उठून कुठे जाते? आणि या माणसाच्या नादाने आणखी काय काय सुटणार आहे? बघायचंच असेल तर जवळून बघू, म्हणून ती हो म्हणाली.

दुपारी उशिरा दोघं कड्याच्या माथ्यावर पोचली. त्याने तिच्या कमरेला आणि मांड्यांना हार्नेसचे पट्टे आवळले, प्रत्येक बकल दोनदा ओढून पाहिलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं. तिने सगळ्या शिलाया बोटाने चाचपून पाहिल्या. कारखान्याचं काम होतं, चोख. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून ती गप्प राहिली.

"काकू, खाली बघू नका. दगडाकडे तोंड ठेवा आणि पाय टेकत टेकत या. मी शेजारीच आहे."

खाली बघू नका म्हटल्यावर तिने खाली बघितलं. झाडं कोथिंबिरीच्या जुड्यांएवढी दिसत होती. तिला भीती वाटली, पण या माणसासमोर ती दाखवायची नाही हा निर्धार त्याहून मोठा होता. शंभरेक हात खाली खाट होती. चार नळ्यांची चौकट, मध्ये ताणून बसवलेलं जाड कापड, आणि सहा पट्टे वर एका कडीत गोळा झालेले. कडी दगडात ठोकलेल्या खुंट्यांना अडकवली होती. खाटेवर पाय ठेवला तेव्हा ती हलली आणि मास्तरणीने चटकन त्याचा दंड धरला. नंतर सोडला.

"आता सकाळपर्यंत हा दोर कमरेचा सुटणार नाही," तो म्हणाला. "खाट आपल्याला झोपायला. जीव दोरावर."

सूर्य बुडेपर्यंत ती त्याच्यावर डोळा ठेवून होती. त्याने बारक्या स्टोव्हवर सूप गरम केलं, पाव दिला. स्टोव्हच्या पिशवीच्या तोंडाला केस बांधायचं जांभळं रबर गुंडाळलेलं होतं.

"हे कुणाचं?"

"असंच. बांधायला बरं पडतं."

त्याचे स्वतःचे केस इंचभरही नव्हते. मास्तरणीने पावाचा तुकडा बराच वेळ चावला. पिशवीत पेलेही दोन होते, आणि एकाला आतून खालपर्यंत चहाचा डाग धरला होता. रोज कोणीतरी पीत असल्यासारखा. लेकीला तर ड्युटीतून मान वर काढायला फुरसत नसते.

अंधार पडल्यावर त्याचा फोन थरथरला. तो दगडाकडे वळला आणि हळू आवाजात बोलला. पण कड्यावर आवाज दगडाला लागून परत येतो, हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं. तिला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"नाही, अजून काही बोललो नाही. नाही गं, त्यांना काही कळलेलं नाही. सकाळी बघू. तू झोप आता."

त्याने फोन खिशात टाकला.

"कोण होतं?" मास्तरणीने विचारलं.

"ऑफिस."

"ऑफिसला तुम्ही अगं-तुगं करता?"

तो हसला नाही. त्याने झोपायच्या पिशवीची चेन लावली, काढली, परत लावली. "उद्या बोलू, काकू," म्हणाला.

म्हणजे आहे कोणीतरी. लेकीला कसं सांगायचं, याची तिने मनात जुळवाजुळव सुरू केली. सरळ सांगावं. ओरडावं नाही. रबराचं आधी सांगावं, मग पेल्याचं, मग फोनचं. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की हे सगळं ज्याच्याविषयी सांगायचं, त्याच माणसाच्या भरवशावर आपण आत्ता हवेत बसलो आहोत. वाऱ्याने खाट दगडावर हलकेच आपटली. तिने कमरेचा दोर मुठीत धरला आणि झोपायचं नाही असं ठरवलं.

वेळ जावा म्हणून तिने हेल्मेटवरचा दिवा लावून पट्टे बघायला सुरुवात केली. टाके मोजायची सवय तिला कारखान्यापासूनच होती. पहिला, दुसरा, तिसरा. करडा दोरा, सारखा ताण, मशीनचं एकसारखं काम. चौथा-पाचवाही तसेच. सहाव्यापाशी ती थांबली. त्याचा दोरा काळा होता.

"हा पट्टा कोणी शिवला?"

तो जागाच होता. "कारखान्यातूनच तसा येतो."

"खोटं बोलू नका. पाच पट्ट्यांना करडा दोरा आणि एकाला काळा, असं कारखाना करत नाही. हा तुटला होता, आणि कोणीतरी परत शिवलाय."

त्याने झोपायच्या पिशवीची चेन परत ओढली. आता तिला खरी भीती वाटली. बायकांच्या बाबतीत खोटं बोलणारा एक वेळ समजून घेता येतो. पण ज्या पट्ट्यावर आपण टांगलो आहोत त्याबद्दल खोटं बोलणारा? ती गुडघ्यांवर उठली. खाट कलली.

"काकू, बसा."

"दिवा धरा तुमचाही."

तिने पट्टा जवळ ओढला. शिलाई वाईट नव्हती. चौकोन, चौकोनात फुली, टीप दाट आणि सरळ. दोरा नायलॉनचा, जाडीही बरोबर. फक्त चौकोन संपला तिथे टीप थांबली नव्हती. चार टाके बाहेर जाऊन परत आत आली होती, बारकीशी शेपटी काढल्यासारखी. अशी शेपटी कोणी काढत नाही, त्याचा काही उपयोगच नसतो. तिने आयुष्यात एकाच हाताची ही खोड पाहिली होती. एका सुट्टीत घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून लेकीला कारखान्यात आणलं होतं, आणि गप्प बसावी म्हणून चिंध्या देऊन मशीनवर बसवलं होतं. प्रत्येक चौकोनाला पोरगी शेपटी काढायची. किती वेळा उसवायला लावलं, तरी काढायचीच. म्हणायची, घराला दार नको का.

मास्तरणीने पट्टा सोडला नाही. तशीच गुडघ्यांवर राहिली.

"फोनवर तीच होती," ती म्हणाली.

"हो."

"रबर तिचं."

"हो, काकू."

"प्रयोगशाळेत जात नाही ती."

"आठ महिने झाले सोडून." त्याचा आवाज उतरला होता. "आमच्या ऑफिसमागे एक शेड आहे. तिथे तिने मशीन टाकलंय. तंबू, सॅक, खाटा दुरुस्त करते. लांबून लांबून लोक पाठवतात. मी म्हणत होतो, आधी आईला सांग. तर म्हणाली, मला मशीनवर बघितलं तर आई जेवण सोडेल. मला शपथ घातली. मला खोटं धड बोलता येत नाही, म्हणून मी कमी बोलत होतो."

"तेही धड जमलं नाही तुला."

मास्तरणीने त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. ते तिच्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं.

ती खाली बसली. पांढरा कोट डोळ्यांसमोर आला. दर रविवारी तो कोट तिने स्वतः इस्त्री करून दिला होता, गेले आठ महिनेसुद्धा. पोरगी तो घडी करून पिशवीत ठेवायची आणि "येते गं" म्हणून निघायची. तिला राग आला, आणि त्या रागाला जायला जागा नव्हती. इथून उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नव्हतं.

"आणि तिने शिवलेल्या पट्ट्यावर तू मला टांगलंस."

"दोन दिवस त्याला वाळूची पोती टांगून ठेवली होती. नंतर आठ रात्री मी स्वतः झोपलो. आणि पट्टा गेलाच तरी आपण दोरावर आहोत." तो पुढे म्हणाला, "हार्नेसला ती हात लावत नाही. लोक आणून देतात, ती परत पाठवते. म्हणते, ज्या टाक्यावर थेट जीव टांगलेला असतो, तो टाका मला अजून येत नाही."

मास्तरणीने कमरेच्या पट्ट्याच्या शिलाईवरून परत बोट फिरवलं. तीस वर्षांत किती जणींना शिकवलं होतं. आपल्याला काय येत नाही हे सांगणारी एखादीच निघायची.

मग ती म्हणाली, "ती शेपटी आधी झिजते. वारा लागतो तिला. सांग तिला."

"तुम्हीच सांगा."

रात्रभर दोघंही झोपली नाहीत. तिने विचारलं की शेडला खिडकी आहे का, जेवणाचं काय, सुई बोटात गेली होती का कधी. तो उत्तरं देत होता आणि ती प्रत्येक उत्तर पारखून घेत होती. अजूनही काही लपवतो आहे का, हे तिला बघायचंच होतं. एकदा तिने तोच प्रश्न फिरवून परत विचारला. उत्तर तेच आलं.

उजाडल्यावर त्याने तिला वर घेतलं. माथ्यावर लेक उभी होती, रात्रभर गाडीत बसून काढल्याचा चेहरा घेऊन. आईकडे एकदाच बघून ती म्हणाली, "कळलं तुला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, मशीनवरच बसायचं होतं तर मी तीस वर्षं कशाला पाठ मोडून घेतली."

"म्हणाले असते," मास्तरीण म्हणाली. "आताही म्हणते."

लेक रडायला लागली. मास्तरणीने तिला जवळ घेतलं नाही, पण हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं आणि जाऊन गाडीत बसली. घराचा रस्ता आला तेव्हा ती वाटाड्याला म्हणाली, "आधी ती शेड दाखव."

शेड लहान होती. भिंतीला दोऱ्यांची रिळं, कोपऱ्यात फाटक्या तंबूंचा ढीग, प्रत्येकाला मालकाचं नाव टाचलेलं. टेबल झाडलेलं, कात्री टांगलेली. मशीन मात्र असं ठेवलं होतं की बसणारीची पाठ खिडकीकडे यावी. मास्तरीण दारात उभी राहून बघत राहिली.

"स्वतःच्याच सावलीत शिवतेस," ती म्हणाली. "आठ महिने?"

"डोळे दुखतात खरे," लेक म्हणाली.

मास्तरणीने पदर खोचला आणि मशीनचं एक टोक धरलं. वाटाड्या पुढे झाला. "काकू, आणि ते लग्नाचं?"

"ते बघू नंतर. तू ते टोक उचल. फरपटवू नकोस, उचल."