पिरीनीचं पाणी

मनालीला शाळेसाठी एका प्राचीन शहराचं मॉडेल करायचं होतं. वर्गातल्या बाकीच्या पोरी पिरॅमिडच्या मागे लागल्या, हिनं ग्रीसमधलं कॉरिंथ निवडलं. जेवतानाही तिचं तेच चालायचं. दोन समुद्रांच्या मधलं श्रीमंत शहर. रोमनांनी जाळलं, पुरुष मारले, बायकामुलं विकली. मग शंभरेक वर्षं तिथं जवळपास कुणीच राहत नव्हतं.

"आता देवळाचे सातच खांब आहेत, मम्मा. तरी लोक प्लेननं बघायला जातात. आणि पिरीनीचा फाउंटन अजून चालू आहे."

पिरीनीचा मुलगा देवीच्या बाणानं चुकून मेला. ती इतकी रडली, की तिचाच झरा झाला, अशी तिथली जुनी गोष्ट.

माती तिच्या बाबानं, सतीशनं आणली. तो ओमानमध्ये बरक्याला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर इंजिनियर होता. तिथून डोंगराकडे गेलं की एक सोडून दिलेलं गाव लागतं. शुक्रवारच्या सुट्टीत सगळे फिरायला गेले असताना त्यानं एका ढासळलेल्या भिंतीची बादलीभर माती उचलली. बापलेकीनं मिळून टेकडी, देऊळ आणि झऱ्याच्या कमानी केल्या.

मे महिन्यात मस्कतच्या रुवी भागातल्या त्यांच्या फ्लॅटची बाल्कनी तव्यासारखी तापायची. तिथं ठेवलेले खांब दुपारपर्यंत वाळून तडकले. झरा ओलाच राहिला. मनालीच्या आईनं, दीप्तीनं तो फडक्यानं कोरडा केला, फडकं पिळून आली, तर कमानींखाली पुन्हा पाणी.

सतीशनं बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट आहे. मातीत मीठ असेल, हवेतला दमटपणा ओढत असेल."

"मग खांब कसे वाळले? माती तर एकच आहे," दीप्ती म्हणाली.

 सतीशनं मॉडेल उचलून आत एसीच्या खोलीत ठेवलं. सकाळी तिथल्या टेबलावरून पाणी ओघळत होतं.

दुपारी दीप्तीला मनालीच्या बोलण्याचा आवाज आला. फोनवर असेल म्हणून तिनं दार लोटलं. मनाली टेबलावर हनुवटी टेकून कमानींपाशी कान नेऊन बसली होती.

"कुणाशी बोलतेस गं?"

"तिच्याशी. तिचा मुलगा घरी नाही आला." मनालीनं मान वळवली नाही. "पण मम्मा, ही पिरीनी नाहीये. ही दुसरी आहे."

 दीप्तीनं पोरीला ओढूनच बाहेर आणलं आणि सतीशला फोन केला. "आत्ताच्या आत्ता ये. माती परत द्यायची."

ऊन कलताना तिघं त्या गावात पोचले. खजुराच्या सावलीत उजैर नावाचे एक म्हातारे शेळ्या राखत बसले होते. सतीशच्या हातातली, मॉडेलमधून काढलेली झऱ्याची माती बघून ते उठलेच.

"कुठल्या भिंतीची?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं. सतीशनं बोट दाखवलं.

"शकीलाचं घर," उजैर म्हणाले. "मुलगा वाडीत, नदीच्या कोरड्या पात्रात उतरला आणि डोंगरातून पूर आला. ती त्या भिंतीला टेकून बसून राहायची. गावाला पाणी आणणारा फलज आटला, गाव उठून सडकेला गेलं. ती आली नाही. ठेवा, जिथून घेतलीत तिथंच ठेवा."

दीप्तीनं माती हातात घेतली. गार होती, बाळाच्या ओल्या दुपट्यासारखी. भिंतीच्या खळग्याला टेकवताक्षणी ती बोटांमध्येच कोरडी पडली आणि भुगा होऊन खाली सांडली. मनाली एकदम रडायला लागली. का, ते तिला सांगता येईना.

मॉडेल झऱ्याविनाच शाळेत गेलं. घर कोरडं झालं.

महिन्याभरानं सतीशला बरक्याच्या मासळीबाजारात उजैर भेटले. किती वर्षं कोरडा पडलेला फलज, डोंगरातून गावात पाणी आणणारा तो जुना पाट, शकीलाच्या भिंतीखाली वाहायला लागला होता. पाणी खारट, शेळ्या तोंड लावत नव्हत्या. लोकांना मात्र वेड लागलं होतं. शुक्रवारी मस्कतहून गाड्या भरभरून यायच्या. पोरं पाण्यात उतरायची, आया काठावरून त्यांचे फोटो काढायच्या.

"आपण पण जाऊ या ना," मनाली म्हणाली.

"नाही," दीप्ती म्हणाली.

उजैरनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती सतीशनं मनाली शेजारी खेळायला गेल्यावर दीप्तीला सांगितली. एरवी पाणी घोट्याएवढंच असतं. लहान मुलगा पाण्यात उतरला, की ते हळूहळू चढायला लागतं.