उघाडीवरचा हात

उघाडीवर तिसऱ्या बाईचा हात मोडला आणि गावातल्या म्हाताऱ्या त्या वाटेने जाईनाशा झाल्या.

उरणकडच्या या गावात भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीला बांध घातलाय. बांधात पाणी अडवायची लाकडी दारं आहेत, ती उघाडी. तिच्यावरची सिमेंटची अरुंद फरशी ओलांडली की बाजाराचा रस्ता. तिथे आधी हिरामणची आई पडली, मग कोकिळा, आणि गणपतीच्या तोंडावर चंदाबाई. तिघींचाही हात मोडला, तोही मनगटाशीच.

चंदाबाई पडली तेव्हा तिची शेजारीण सगुणा चार पावलं मागे होती. सकाळची वेळ, लख्ख उघडीप. चंदाबाईचा पाय जरासा सरकला आणि ती हातावर टेकली, एवढंच. पण सुकी काटकी मोडावी तसा आवाज सगुणाला स्पष्ट ऐकू आला. तिने धावत जाऊन उठवलं. चंदाबाई रडत नव्हती. खालच्या काळ्या पाण्याकडे टक लावून बघत होती.

"सगुणे, मी पडले न्हाय. खालून कुनीतरी माझा हात धरला."

कोण, ते विचारायची गरज नव्हती. सगुणा लग्न होऊन आली त्याच्याही आधी एका उधाणात बांध फुटला होता. चिखल भरायला गेलेली एक बाई वाहून गेली आणि तिसऱ्या दिवशी उघाडीच्या दारात अडकलेली सापडली, एक हात पाण्याबाहेर. सगुणाच्या सासूने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

बासष्ट वर्षांच्या सगुणाने त्या दिवसापासून लांबची वाट धरली. तरी तिला चैन पडेना. दिवाळीनंतर तिची पाठ दुखू लागली. दुखणं दोन महिन्यांनी ओसरलं, पण पाठीवर काहीतरी बसून राहिल्यासारखं वाटायचं. रोजचंच लुगडं, पण निऱ्या पायात येऊ लागल्या. एकदा अंगणात तिला आपली सावली दिसली, पुढे झुकलेली. ती झटकन घरात आली. उघाडीवरून आपण एकट्या परतलो नाही, असं तिच्या मनाने घेतलं. बांधावर नारळ दिला, पाठ तशीच.

"आई, डॉक्टरला दाखवू या," सून भाविका म्हणायची.

"वयाचं हाय ते," एवढंच सगुणा म्हणायची. खरं काय वाटतं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. मुलगा धर्मा बंदरावरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर, तो चार-चार दिवस बाहेर.

माघात एका दुपारी ती मागच्या खोलीतली खिडकी उघडत होती. खाऱ्या हवेने कडी गंजली होती. तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि तोच आवाज आला. या वेळी तो तिच्या आतून आला. श्वास अडकला. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. खोलीत कोणी नव्हतं. ती पडलीही नव्हती.

भाविका धावत आली, तेव्हा सगुणा कुजबुजली, "ती घरात आली गं."

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पाठीचे दोन मणके चेपले होते.

"हा आजचा. हा दुसरा तीन-चार महिन्यांपूर्वीचा असावा. तेव्हा पाठ दुखली होती?"

सगुणाने मान डोलावली.

"मणके चेपले की उंची कमी होते, पाठीला बाक येतो. पाळी कधी गेली तुमची?"

"अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली."

ऑपरेशनचे जुने कागद भाविकाने सोबत आणले होते. डॉक्टरीणबाईंनी ते वाचले. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले होते. "बीजकोश हाडांची राखण करतात, आजी. ते लवकर गेले की हाड आतून विरळ होत जातं. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही. मग खिडकी ओढली तरी मोडतं."

सगुणाने मग उघाडीचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तिथे शेवाळ असतं?"

"असतं."

"पोरं पडत नाहीत?"

"पडतात की. कपडे झटकून उठतात." बोलता बोलता सगुणा थांबली. म्हणजे हे आपल्याच हाडांत होतं. बांधावरच्या बाईला निदान लांबची वाट धरून टाळता येत होतं.

पट्टा, गोळ्या, थोडं चालणं सुरू झालं. आठवड्याची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसायचं. हिंडता-फिरता येऊ लागल्यावर आधी ती चंदाबाईकडे गेली.

"हाडांची तपासणी करून घे चंदे. नुसतं झोपायचं असतं, वरून मशीन फिरतं."

"माझा हात बरा झाला." चंदाबाईने मनगट फिरवून दाखवलं. "प्लास्टर घालताना कुनी असलं काय बोललं न्हाय. आनि मी ती बोटं अजून ओळखते, सगुणे. गार होती."

चैत्रात चंदाबाई स्वतःच्या ओटीवर उभी राहून नातवाला हाक मारत होती. ती वळली आणि कोसळली. खुबा मोडला होता. पनवेलला ऑपरेशन झालं, सळई घातली. सगुणा भेटायला गेली तेव्हा चंदाबाई पंख्याकडे बघत पडली होती.

"आधी मोडलं, सगुणे," ती हळूच म्हणाली. "मग मी पडले. ओटीवर कुनी नव्हतं."

"व्हय. माझ्याही खोलीत कुनी नव्हतं."

मग चंदाबाईने तिचा हात घट्ट धरला. बोटं गार होती. सगुणा दचकली, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

पुढच्या मंगळवारी ती कोकिळेला आणि हिरामणच्या आईला घेऊन तपासणीला गेली. हिरामणची आई रिक्षात सारखी विचारत होती, "मशीनला आतलं सगळं दिसतं का गं? आत कुनी बसलं असलं, तर तेबी?"