एकट्या बश्या

मी पुण्यात राहतो, त्यामुळे मला पुणे माहीत आहे, असा आळेफाट्याच्या माझ्या नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी दूर केला नाही. म्हणूनच २००१च्या दिवाळीनंतर साळूअक्का आणि दाजी आपलं भांडण घेऊन एसटीने माझ्याकडे आले.

दाजींचं, म्हणजे कुंडलिकरावांचं, फाट्यावर ट्रकचं गॅरेज आहे. गाडी भंगारात निघाली की बाकीचे इंजिन बघतात, टायर बघतात; दाजी भोंगा काढून घेतात. वाजणारा, न वाजणारा, रबरी फुग्याचा, पितळी, तीन तोंडांचा. हे सगळे भोंगे घराच्या मधल्या खोलीत जमिनीवर पसरलेले असत. अक्काला तिथे पलंग टाकायचा होता. तिने सोमवारी भंगारवाल्याला बोलावूनही ठेवलं होतं.

“पुण्यात लोकं असल्या वस्तूंचं संग्रहालय करत्यात,” दाजी म्हणाले.

“पुण्यात खुळी काय कमी हायेत?” अक्का माझ्याकडे बघत म्हणाली.

शेवटी पैज लागली. भोंग्यांपेक्षा बिनकामाची वस्तू पुण्यात कुणी जपून ठेवलेली दिसली, तर भोंगे राहणार. नाही दिसली, तर सोमवार. पंच मी.

‘शहरातील जगावेगळी संग्रहालये’ हा रविवारच्या पुरवणीतला लेख मी कापून ठेवला होता. स्वतः जाण्यासाठी नव्हे. पाहुणे आले तर हाताशी असावा म्हणून.

पहिलं संग्रहालय कुलपांचं. मालकांनी दार उघडायला बराच वेळ लावला. किल्ली सापडत नव्हती.

“कुलूप कामाला येतं,” अक्का म्हणाली.

“अगं, निम्म्यांना किल्लीच न्हाई!”

“मग तर चोराच्या बापालाबी उघडायचं न्हाई.”

पंच म्हणून मला हे मान्य करावं लागलं.

दुसरं होतं छत्र्यांच्या मुठींचं. छत्री नाही, नुसती मूठ. दाजींनी मिशीवर हात फिरवला. अक्काने एक वाकडी मूठ काढून हातात तोलून पाहिली. “विहिरीत बादली पडली तर काढायला लई ब्येस आकडा हाये. पावणं, एखादा देताय का?” मालक मुठींच्या आणि अक्काच्या मधे येऊन उभे राहिले आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

रिक्षात दाजी बाहेर बघत बसले. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला तेव्हा फक्त “पडदा फाटलाय याचा” एवढंच म्हणाले.

यादीतलं शेवटचं नाव ‘एकट्या बश्या’. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, तिच्या चारही भिंतींवर खिळ्यांना तारेने अडकवलेल्या बश्या, आणि त्यांचे मालक घैसास. “ज्यांचा कप फुटलाय अशाच बश्या आम्ही घेतो,” ते वसतिगृहाच्या रेक्टरसारखे म्हणाले. “जोडी असेल तर प्रवेश नाही.”

दाजी खुलले. “बोल आता! कपाबिगर बशी काय कामाची?”

अक्काचं तिकडे लक्ष नव्हतं. ती एका बशीसमोर थांबली होती. निळी वेल, काठाला सोनेरी रेघ.

“हिच्या जोडीचा कप माझ्याकडं हाये,” ती म्हणाली. “लग्नात आलेला. बशी ह्यांनी फोडली, चा फुरकताना.”

“तो कप अजून हाये?” दाजी.

“माळ्यावर. फडक्यात गुंडाळून.”

“आन कशापायी ठेवलास?”

“बशी मिळंल कधीतरी म्हणून.”

बोलून झाल्यावर तिलाही ते ऐकू गेलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचाच्या चेहऱ्याने छताकडे पाहिलं.

घैसासांचा मात्र रंग उडाला होता. “कप आहे म्हणता? मग ही बशी नियमात बसत नाही हो.” त्यांनी ती खाली काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि स्थळाची चौकशी करावी तसं विचारलं, “कपाचा कान शाबूत आहे ना?”

“हाये.”

“कुठे तडा वगैरे?”

“काय बी न्हाई.”

“मग न्या,” ते म्हणाले, आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले.

अक्काने बशी पदरात घेतली. मग तिचं लक्ष भिंतीवरून खाली गेलं. बश्यांच्या खाली, जमिनीवर, घैसासांचा पलंग होता. अंथरुणासकट.

“भाऊ, समदं भिंतीवर टांगलंय व्हय?”

“जमिनीवर ठेवलं तर झोपायचं कुठे?”

अक्का त्या पलंगाकडे बराच वेळ बघत राहिली.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा दाजी मधल्या खोलीच्या भिंतींत खिळे ठोकत होते आणि अक्का खालून सांगत होती, “त्यो पितळी वर घ्या की, डोक्याला लागंल.” भंगारवाल्याला चहा मिळाला.

आता त्या खोलीत पलंग आहे, आणि फाट्याला गेलो की तो मला मिळतो. उशीच्या बरोबर वर तीन तोंडांचा भोंगा आहे.

“दाजी, हा निसटला तर?”

“न्हाई निसटायचा. आन निसटलाच तर आवाज ऐका त्याचा, भागूराव.”

मागच्या खेपेला मी अक्काकडे त्या निळ्या वेलीच्या कपबशीतून चहा मागितला. जोडी जमल्यापासून ती मला दिसलीच नव्हती.

“माळ्यावर हाये,” अक्का म्हणाली. “फडक्यात.”

“अजून?”

“मग? एवढी जमलेली जोडी, आन तुमच्या हातात देऊ?” असं म्हणून तिने माझ्यापुढे स्टीलचा पेला ठेवला.