कॅसेटमधली सुमन

दवनीवाड्याच्या घरात त्या रविवारी सकाळपासून समीक्षा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आणि आता मेटाकुटीला आली होती. पुढच्या रविवारी बाबांचा पहिला स्मृतिदिन होता. येणाऱ्या पाहुण्यांना बाबांची पेटी ऐकवायची, असं तिनं आणि संघदीपदादानं आपसात ठरवलं होतं. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

केवळराम, म्हणजे त्यांचे बाबा, लग्नाच्या आगेमागे चिचगडला भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे, एवढं मुलांना ठाऊक होतं. त्यापुढचं काही नाही. पुढे ते दवनीवाड्याला आले, राइस मिलमध्ये लागले, आणि पेटी सुटली ती सुटलीच. घरात कधी पेटी आली नाही. विचारलं तर म्हणायचे, "सुटलं बापा ते." मागच्या महिन्यात मिलमधल्या बकारामकाकांनी संघदीपला बोलावून एक पत्र्याचा डबा दिला.

"तुह्या बाबाचा आहे," काका म्हणाले. "माह्याच कपाटात ठेवून होता. घरी काऊन नेत नोता, ते मी कदी विचारलो नाई."

डब्यात कॅसेटी निघाल्या. संघदीप बिरसीच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता; ड्युटीवरून येताना त्यानं त्या गोंदियाला एका ओळखीच्या दुकानात दिल्या आणि पेनड्राइव्हवर भरून आणल्या. दुकानवाल्यानं कॅसेटची एकेक बाजू सरळ एकेका फाईलमध्ये ओतून दिली होती. आठ-नऊ गाणी, मधलं बोलणं, टाळ्या, खोकला, सगळं एका लांबलचक दोरीसारखं. त्यातून गाणी सुटी करायचं काम समीक्षाकडे आलं. ती गोंदियाच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. माउसनं एकेक गाणं कापत बसण्याचा तिला कंटाळा. तिनं सरळ कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि एफएफएमपेग या आवाज कापणाऱ्या प्रोग्रॅमला कमांड दिली, की या फाईलमध्ये शांतता कुठे कुठे आहे ते शोधून सांग.

त्यानं काहीच सांगितलं नाही. जुन्या टेपची खरखर इतकी होती, की यंत्राच्या लेखी तिथे शांतता अशी नव्हतीच. किती आवाजापर्यंत शांतता मानायची, ती हद्द तिनं थोडी वर नेली, तर ते गाण्यातल्या दमाच्या जागाही शांतता म्हणून मोजू लागलं आणि एका गाण्याचे सात तुकडे झाले. शेवटी कुठेतरी मध्ये, सलग दोन सेकंदांची शांतता असेल तरच कापायचं, असं ठरवल्यावर गाडी रुळावर आली. फोल्डरमध्ये एकेक ट्रॅक पडू लागला. नीट कापले गेलेत का बघावं, म्हणून तिनं मधलाच एक लावला आणि आवाज मोठा केला.

"मागच्या बाया काऊन उभ्या आहेत? पुढं या. जागा आहे," स्पीकरमधून एक बाई म्हणाली.

अंगणात गाडी धूत असलेला संघदीप तिथूनच म्हणाला, "काय पुढं या? मी इथं गाडी धूऊन राहिलो."

"मी नाही बोलली," समीक्षा म्हणाली.

"मंग कोण बोललं? तूच तं म्हटली, पुढं या."

समीक्षानं ट्रॅक मागे नेऊन पुन्हा लावला. संघदीप ओल्या हातानं दारात येऊन उभा राहिला. आवाज तिचा होता. तिच्यासारखा नव्हे, तिचाच. शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा, इन्स्टिट्यूटमधली पोरं ज्याची नक्कल करतात तो. ही कॅसेट भरली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता.

मग पेटी सुरू झाली आणि ती बाई गाऊ लागली. भरदार, खुला गळा. वरच्या सुराला जाताना ओढाताण नाही, खाली येताना घाई नाही. दोघं भावंडं एकमेकांकडे न बघता ऐकत राहिली. समीक्षाला गाण्याचा गंधही नव्हता, त्यामुळे आपलाच आवाज असा गातोय हे ऐकताना तिला घाबरल्यासारखं झालं. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि बाई दम घेत म्हणाली, "जय भीम. मी सुमन, चिचगडची. पेटीवर केवळराम आहेत, त्यायच्यासाठीबी टाळ्या होऊ द्या."

"आईचं नाव," संघदीप म्हणाला.

सुमनबाई, त्यांची आई, कुजबुजल्यासारखं बोलायची. तोंडातून हवाच जास्त यायची, आवाज कमी. चार पावलांवरच्या माणसालाही ऐकू जात नसे. मुलांना हाक मारायची तर टाळी वाजवायची. विहारात सगळे वंदना म्हणायचे तेव्हा तिचे नुसते ओठ हलायचे. गळ्यावर आडवी, पांढरी पडलेली खूण होती. लहानपणी गाठ झाली, ती काढताना आवाज गेला, असं ती सांगायची, आणि लहानपणी म्हणजे लहानपणीच, असं मुलं धरून चालली होती.

दाराशी चप्पल काढल्याचा आवाज आला. आई विहारातून परतली होती. समीक्षाचा हात लॅपटॉपकडे गेला, पण तोवर पुढचा ट्रॅक आपोआप सुरू झाला होता आणि पहिल्याच आलापाला सुमनबाई उंबऱ्यावर थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हळूहळू चौकटीला धरलं आणि तिथेच खाली बसली. संघदीपनं धावत जाऊन तिला सावरलं. समीक्षानं गाणं बंद केलं.

"कुठून आणलं?" आईनं विचारलं.

"बकारामकाकानं दिलं. बाबांनी त्याच्याकडं ठेवलं होतं."

"वैनगंगेत टाकलं म्हणत होते," ती म्हणाली. "इथं राहायला आलो तवा मीच म्हटली, टाकून द्या. मले म्हणाले, टाकलो. पुलावरून टाकलो."

मग बसल्या जागी तिनं सांगितलं. एकेक वाक्य, मध्ये थांबत. गाठ लहानपणी नव्हे, लग्नानंतर झाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आल्यावर आवाज नव्हता. येईल येईल म्हणत वर्ष गेलं. चिचगडमध्ये जो भेटेल तो हळहळायचा, बाया गळ्याला हात लावून बघायच्या. ते सोसेना, म्हणून जिथे तिला गाताना कुणी ऐकलं नव्हतं अशा गावी दोघं आले. केवळरामांनी पेटी विकली. मुलांना सांगायचं नाही, असं तिनंच बजावलं होतं.

समीक्षा खाली मान घालून ऐकत होती. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या घरात ती मोठ्यानं बोलली, भांडली, फोनवर खिदळली, ती बाई स्वतःचाच आवाज ऐकत होती.

"माहा आवाज तुह्यासारखा आहे, हे तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"तू कॉलेजात गेली तवापासून," आई म्हणाली. "त्यायलेबी समजलं होतं. आमी कदी बोललो नाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अजून काय आहे त्याच्यात?"

फोल्डरमध्ये शेवटी एक फाईल अखंड पडली होती. तिच्यात दोन सेकंदांचीही शांतता नव्हती, म्हणून यंत्रानं ती कापलीच नव्हती. कॅसेटवर नावही नव्हतं. समीक्षानं ती लावली.

गाणं नव्हतं. बाबांचा तरुण आवाज आला. "बोल काहीबी."

"कायले? गाऊ का?"

"गाणं नको. गाणं भरपूर भरून आहे. असंच बोल."

आणि सुमन बोलत होती. शेजारणीच्या कोंबडीबद्दल, मोहाच्या फुलांबद्दल, नागपूरला दवाखान्यात कोणतं लुगडं नेसायचं त्याबद्दल. मध्येमध्ये हसत होती. तिच्यासोबत तोही हसत होता.

"हे नागपूरले जायच्या आदल्या रोजचं आहे," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं होतं.

टेपमधली सुमन म्हणाली, "थांबा, दूध उतू चाललं," आणि तिची पावलं दूर गेली. मग दुसऱ्याच एका बाईचा आवाज आला. "टेप काऊन भरून राहिला, दादा?"

"अल्का," आईनं ओळखलं. अल्का म्हणजे बाबांची बहीण, मुलांची आत्या.

टेपमधल्या केवळरामांनी आवाज खाली आणला होता, पण माइक जवळ असल्यामुळे शब्द अन् शब्द कळत होता. "डॉक्टर म्हणला, गाठीला लागूनच आवाजाची नस आहे. गेली तं गेली."

"वहिनीले सांगतला का?"

"नाई. सांगतलो तं ती नागपूरले येणार नाई. तूबी बोलायचं नाई. माही शपथ आहे."

पावलं परत आली. "काय बोलून राहिले दोघं?" सुमननं विचारलं, आणि केवळराम म्हणाले, "काई नाई. तू बोल."

समीक्षानं फाईल थांबवली. तिनं आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आईचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. बाबा गेले त्या दिवशीही नाही.

"त्यायले माहीत होतं," आई म्हणाली.

"आई, गाठ काढली नसती तं तू वाचली नसतीस," संघदीप म्हणाला.

"मंग ते मी ठरवली असती."

आईनं अल्काआत्याला फोन लावायला सांगितला. तिचं बोलणं फोनवर ऐकू जात नसे, म्हणून ती कुजबुजली ते समीक्षानं मोठ्यानं विचारलं. "तुमाले माहीत होतं?" पलीकडे आत्याला तो जुन्या सुमनचाच आवाज वाटला. ती रडत म्हणाली, "वहिनी, गाठ तुमचा श्वास दाबून राहिली होती. त्यानं शपथ घातली होती, वहिनी." आपण समीक्षा आहोत, हे सांगायचं समीक्षाला सुचलं नाही. आईनं हात पुढे करून फोन बंद केला.

त्यानंतर दोन-तीन दिवस सुमनबाईनं कामं सगळी केली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून जात होती तिथेही गेली, पण भिंतीवरच्या केवळरामांच्या फोटोला हार घालायचं तिनं सोडून दिलं. स्मृतिदिन करायचा की नाही, हे विचारायची मुलांची छाती झाली नाही.

एका संध्याकाळी समीक्षा गोंदियाहून परतली तेव्हा आई तिची वाटच बघत होती.

"रविवारी गाणी लाव," आई म्हणाली. "कोण गाते विचारलं तं माहं नाव सांग. ती शेवटची नको लावू."

"नाही लावत."

"ते मले पायजे. माह्या मोबाइलवर टाकून दे. पण त्यायचा आवाज काढ. माहा तेवढा ठेव."

समीक्षा बसली. पुन्हा काळी खिडकी, पुन्हा कमांड. इथे शांततेचा उपयोग नव्हता. कुठून कुठवर बाबा बोलतात ते कानानं ऐकून आकडे लिहावे लागत होते. "बोल काहीबी" गेलं. अल्काआत्याचं सगळं गेलं. "काई नाई, तू बोल" गेलं. आई शेजारी बसून ऐकत होती. कोंबडी, मोहाची फुलं, लुगडं, सगळं एका बाईचं एकटीचं बोलणं होत चाललं. मग ते हसण्याच्या जागेशी आले आणि समीक्षाचा हात थांबला.

"इथं दोघंही एकदमच हसलात, आई. त्यांचं कापलं तर तुझंही जाईल."

"पुन्हा लाव."

तिनं लावलं. आईनं मान कलती करून ऐकलं. आधी सुमन हसली, अर्ध्या क्षणानं केवळराम तिच्या हसण्यात मिसळले, आणि मग कोणाचं कोणतं ते सांगता येईना.

"अजून एकदा," आई म्हणाली.

समीक्षानं तिसऱ्यांदा लावलं. ते संपलं तरी आई लॅपटॉपकडेच बघत होती. तिचे डोळे कोरडे होते आणि राग अजून तोंडावर तसाच होता.

"तेवढं राहू दे," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.