देवसिंगची बाजू

दारव्ह्याच्या अलीकडच्या तांड्यात बबिताचं शिलाई मशीन आहे. आसपासच्या चार गावांतल्या बायका तिच्याकडे ब्लाउज टाकतात. एक तर तिचा हात चांगला, आणि दुसरं म्हणजे तिच्या पोटात गोष्ट राहते. कोणाचं माप किती, कोणाचं लग्नानंतर किती वाढलं, हे सगळं तिच्या वहीत आहे आणि वही पेटीत कुलपाखाली आहे. अशा बाईला आपल्या सासूच्या अंगाची गोष्ट मात्र चौदा वर्षं कळली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

सासू म्हणजे लालीबाई. वय अठ्ठावन्न, अंगानं शिडशिडीत, आणि त्या शिडशिडीत अंगावर छाती एवढी जड की चालताना बाई पुढंच ओढली जायची. तरुणपणी ती आरशांची काचळी, म्हणजे बंजाऱ्यांची उघड्या पाठीची चोळी, घालायची. ती मागे नाड्यांनी बांधतात. तिचा आधार असून असून केवढा असणार. अलीकडे ती सुनेनं शिवलेले ब्लाउज घालायची आणि प्रत्येक ब्लाउज आधी खांद्यावरच उसवायचा. बबितानं दुहेरी शिवण घातली, आतून पट्टी लावली, दोरा बदलला. तरी तो उसवायचाच. मग दिवाळीच्या तोंडावर सासूला तेल लावताना तिचं बोट उघड्या खांद्यावर एकदम खोल गेलं. दोन्ही खांद्यांवर खाच पडली होती, करंगळी आडवी मावेल एवढी. जुवाखाली बैलाच्या मानेला पडते तशी.

"याडी, दुखत नाही हे?" तिनं विचारलं. याडी म्हणजे आई. घरातलं बोलणं सगळं गोरबोलीतलं, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतलं, पण बबिताचं बालपण शहराच्या कडेला गेलेलं, म्हणून तिच्यासमोर सगळे वऱ्हाडीत बोलायचे.

"दुखते ना. तीस वर्सापासून दुखून राह्यलं. त्याले काय करतं?"

तेवढंच असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्या हिवाळ्यात लालीबाईची बोटं बधिर व्हायला लागली. भाकरी थापता थापता हात थांबायचा, बोंडातला कापूस चिमटीत यायचा नाही. मलमं झाली, पट्टा झाला, फोटो झाले. शेवटी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि समोर बसवून सांगितलं.

"मणका बरा आहे, आजी. हा सगळा वजनाचा त्रास आहे. ऑपरेशन करून छाती लहान करता येते. दोन-अडीच किलो उतरतील. नाही केलं तर जीव जाणार नाही, पण हात असेच सुन्न होत जातील. घाई नाही. निर्णय तुमचा."

परतीच्या बसमध्ये लालीबाई बोटांवर काहीतरी मोजत होती. घरी आल्यावर पाय धुतले, पाणी प्याली आणि म्हणाली, "मले इचारा लागते."

"कोणाले? बाबाले?" बबितानं खाटेवर बसलेल्या सासऱ्याकडे, डोंगरसिंगकडे पाहिलं.

"त्याइले कायले? त्याइनं का पेलं? ज्याइनं पेलं त्याइले इचारीन."

डोंगरसिंग खोकला आणि छपराकडे बघायला लागला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लालीबाईची स्वतःची दोन लेकरं, बबिताचा नवरा प्रेम आणि नणंद वर्षा. पण ही दोन धरून दूध प्यालेली एकूण आठ. कोणाची माय ऊसतोडीला जाऊन तापानं पडलेली, कोणाला दूधच नाही आलं, एकीला जुळी झाली आणि एकालाच पुरलं. तांड्यात रडणारं लेकरू आणून लालीबाईच्या मांडीवर ठेवायचे. ती हातातलं काम बाजूला ठेवायची. त्याचं कोणी कधी कौतुक केलं नाही, आणि तिनंही कोणाला सांगितलं नाही.

"पन आंग तुयं हाय, याडी," बबिता चिडलीच. दवाखान्यानं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. "डॉक्टर काय म्हनली? निर्नय तुमचा."

यावर डोंगरसिंग बोलला. त्याच्या पणजाच्या काळापर्यंत हे लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. "बैलावरची गोनी एकट्यानं उतरवत नाहीत, पोरी," तो म्हणाला. "दोघं लागतात. दोन्हीकून, एकदम. एका आंगाची आधी काहाडली त बैल कलंडते." एवढं बोलून तो एकाएकी गप्प झाला. काहून गप्प झाला, ते बबिताला नंतर कळलं.

फोन सुरू झाले. लावायचे बबितानं, बोलायचं लालीबाईनं. मुकुटबनला दिलेली धनीबाई आधी घाबरली, मग रडली, मग म्हणाली, "याडी, तू बरी होय. मी सोमवारचा उपास धरतो." राजूरला कोळशाच्या ट्रकवर असलेला शाम, मिशीवाला गडी, त्यानं आधी ट्रक बाजूला उभा केला.

"काकी, हे मले कायले इचारतं?" त्यानं विचारलं.

"तू नऊ महिने पेला. तुले नाही त कोणाले इचारू?"

"हाव म्हनतो ना. हाव, हाव." आणि फोन कट. पाच मिनिटांनी त्यानंच परत लावला. या वेळी तो सरळ हुंदके देत होता.

बबिता हातात फोन धरून ऐकत राहायची. पहिल्या फोनला तिला हसू आलं होतं, चौथ्या फोनला तिच्या अंगावर काटा आला. तिनं आजवर शेकडो बायकांच्या छातीला टेप लावली होती. इंच मोजले, टिपा घेतल्या, कापड वाचवलं. त्या इंचांतून माणसं उभी राहतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक ट्रक चालवतो, एक शाळेत शिकवतो, एक मुकुटबनला चार लेकरांची माय आहे, आणि हे सगळं या शिडशिडीत बाईच्या अंगातून वाहून गेलं. खरंच, तिला सासूकडे नजर वर करून बघायची हिंमत होईना.

सात जणांचा होकार आला. उरला एक.

"देवसिंग," लालीबाई म्हणाली.

देवसिंगचं घर त्याच तांड्यात, चाळीस पावलांवर. बांधावरून त्याचं आणि डोंगरसिंगचं वाजलं होतं, त्याला सात वर्षं झाली. या घरचं पाणी त्या घरात चालत नव्हतं. त्याची माय रामीबाई बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच गेली. तेव्हा प्रेम तीन महिन्यांचा होता.

"डावीकडं प्रेम, उजवीकडं देवसिंग," लालीबाई म्हणाली. "दोघं एकाच टायमाले पेत. दीड वर्स. तो मोठा हावरा होता. त्याची बाजू अजून मोठी हाय."

गोणीचं बोलता बोलता सासरा काहून थांबला, ते बबिताला आता कळलं: दुसऱ्या अंगाला देवसिंग होता. ती उठली, पेटी उघडून वही काढली. चौदा वर्षांची सासूची मापं एका पानावर होती, आणि प्रत्येक मापाखाली तिच्याच हातानं लिहिलेलं: उजवीकडे अर्धा इंच जास्त. तिनं ती शरीराची खोट समजून निमूट कापड कापलं होतं.

प्रेम जायला तयार नव्हता, म्हणून तीच गेली. देवसिंग अंगणात कापसाचं गाठोडं बांधत होता. तिनं खाली मान घालून ऑपरेशनचं तेवढं सांगितलं. त्यानं ऐकलं, गाठ आवळली, आणि म्हणाला, "नाही म्हन तिले." आणि आत निघून गेला.

"नाही म्हनला? मंग नाही," लालीबाई म्हणाली, आणि शेकायला पाणी तापत ठेवायला निघाली.

चौदा वर्षांत पहिल्यांदा बबिता सासूवर ओरडली. "बांधापायी डूख धरून राह्यला तो! त्याच्यापायी तू हात घालवशीन?"

"डूख नाही व. लेकरू उगाच नाही रडत. त्याले कुठं तरी दुखून राह्यलं."

तारीख चार दिवसांवर आली. बबितानं दवाखान्यात कळवायला फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवसिंग दारात उभा होता. डोंगरसिंगनं खाटेवर कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं. प्रेम चहा पिता पिता थांबला.

"याडी," देवसिंग म्हणाला, "पानी दे."

सात वर्षांनी मागितलेलं पाणी. लालीबाईनं लगबगीनं माठातून लोटा भरला, दोन पावलं आली, आणि तिची बोटं सुटली. लोटा जमिनीवर पडून देवसिंगच्या पायापर्यंत घरंगळत गेला. तिनं हाताकडे असं पाहिलं, जणू हात दुसऱ्याचा आहे.

हातांचं एवढं झालंय हे देवसिंगला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. त्यानं लोटा उचलला, स्वतः माठाजवळ जाऊन बुडवला आणि उभ्यानं प्याला.

"मले भेव वाटते, याडी," तो म्हणाला. "मह्या मायले नेलं तवाबी म्हने सारे सांगत, दोन दिसात येते."

"मले बी वाटते, बापा," लालीबाई म्हणाली.

मग देवसिंगनं तोंड पुसलं. "जा. पन मी संग येतो."

डोंगरसिंग खाटेवर सरकला आणि एका माणसाची जागा करून दिली. बांधाचा विषय कोणी काढला नाही. तो निघेल पुढं. बांध कुठं पळून जातो?

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला, लालीबाईला उभं केलं आणि जांभळ्या पेनानं अंगावर खुणा करायला लागल्या. "एक बाजू जरा मोठी आहे, आजी. काळजी नको, दोन्ही अगदी सारख्या करून देते."

"नोको," लालीबाई म्हणाली. "सारख्या नोको करू, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चमकून बबिताकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाची भीती समजून सून समजूत काढेल, असं त्यांना वाटलं असावं. महिन्यापूर्वीच्या बबितानं काढलीही असती.

"उजवीकडं अर्धा इंच जास्त ठेवा, मॅडम," बबिता म्हणाली. तिचा आवाज कापडावर कात्री चालावी तसा सरळ निघाला. "माप मह्या वहीत हाय. मी टेलर हावो. ती चूक नाही, तिथं एक माणूस हाय."

मग तिनं थोडक्यात सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं पेन हवेतच थांबलं. "शब्द देत नाही," त्या म्हणाल्या, "प्रयत्न करते." आणि उजवीकडची एक रेघ पुसून त्यांनी पुन्हा काढली.

आत न्यायच्या चाकांच्या गाडीवर घ्यायची वेळ आली. लालीबाई चालत येते म्हणत होती, पण नर्सनं ऐकलं नाही. चादरीसकट उचलायचं होतं. कोणी न सांगता प्रेम डावीकडे गेला आणि देवसिंग उजवीकडे. दोघांनी चादरीची टोकं मुठीत घट्ट पकडली. सात वर्षांत ते इतक्या जवळ उभे राहिले नव्हते.

दारातून डोंगरसिंगचा आवाज आला, "दोन्हीकून! एकदम!" नर्सनं त्याला गप्प केलं. पण तोवर लालीबाई उचलली गेली होती, तळहातावर परात न्यावी तशी समतोल. दोन्ही पोरांचे डोळे भरले होते, आणि बबिताला त्या क्षणी देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांनी बबितानं सासूला मशीनजवळ बोलावलं. नवे ब्लाउज शिवायचे होते, जुने सगळे पोत्यासारखे झाले होते. लालीबाई ताठ उभी राहिली. मान वर, खांदे मागे. ती सुनेपेक्षा उंच आहे हे बबिताला तेव्हा कळलं. बोटं आता सुईत दोरा ओवत होती. खांद्यावरच्या खाचा मात्र तशाच होत्या. त्या जाणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं.

बबितानं डावीकडे टेप लावली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"किती हाय?" लालीबाईनं विचारलं. ती समोर भिंतीकडे बघत होती, आणि तिनं श्वास धरून ठेवला होता.

"हाय, याडी," बबिता म्हणाली. "अर्धा इंच. हाय."

लालीबाईनं श्वास सोडला. बबितानं वहीत नवं पान उघडून दोन्ही आकडे लिहिले आणि कापड पसरून कात्री शोधायला लागली.