स्टे आणि लिव्ह

कालिंदीताईंचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भावाच्या हॉलमध्ये भरे. पुंडलिकनगरातल्या सात बायका दुपारी चारला यायच्या. त्या दिवशी फळ्यावर दोन क्रियापदं होती, स्टे आणि लिव्ह. आपण दोन्हीला 'राहणे' म्हणून मोकळे होतो, म्हणून बायका गोंधळल्या होत्या.

"चार दिवस पाहुणे म्हणून गेलात तर स्टे. जिथे आपल्या मर्जीने गॅस पेटवता, तिथे लिव्ह," ताईंनी समजावलं, पण लक्ष सगळं घड्याळाकडे. गारखेड्यात त्यांनी एक खोली पसंत केली होती. घरमालकीण मनकर्णाबाईंची एकच अट होती. "एकटी बाई ठिवायची म्हंजी घरच्याचा शब्द पायजे. पाचच्या आत भावाचा फोन येऊ द्या, नायतर दुसरं गिऱ्हाईक हाय." भाऊ चिन्मय सकाळी "करतो" म्हणाला होता.

नवरा गेल्यावर ताई इथे आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. भावजय सरिता स्वभावाने सोनं, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं! माहेरवाशिणीने कामाला हात लावायचा नाही, हा तिचा खाक्या. अकरा वर्षांत ताईंना आपल्या हाताने कपभर चहा करू दिला नव्हता. छळ असता तर भांडता तरी आलं असतं. लाडाशी काय कपाळ भांडणार? जीव नुसता घुसमटायचा.

"मॅडम," प्रेरणाने हात वर केला, "मग तुम्ही दादांकडं स्टे करता का लिव्ह?"

ताईंनी तोंड उघडायच्या आत दारात चपला काढणारा चिन्मय म्हणाला, "हे काय विचारणं झालं? लिव्ह! ताईचंच घर आहे हे. आणि ताई, त्या बाईंना मी फोनवर सांगून टाकलं, खोली नको म्हणून. भावानं बहिणीला बाहेर काढलं, असं उद्या लोकांनी म्हणावं का?"

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. स्वयंपाकघराच्या दारात सरिताने पदर डोळ्यांना लावला.

"मॅडमनी नशीब काढलं बघा," वर्गातल्या साळूबाई म्हणाल्या.

ताईंना ओरडावंसं वाटलं. पण डोळ्यांत पाणी आणून उभ्या राहिलेल्या भावावर, सात परक्या बायकांसमोर, ओरडायचं तरी कसं?

"मग लिव्हच लिहू ना, मॅडम?" प्रेरणाने विचारलं.

"लिहा."

वाक्य लिहून झालं. ताईंनी एकेकीची वही हातात घेतली आणि सातही वह्यांत लाल पेनाने बरोबरची खूण केली.